टिळा वर, रबर खाली

हैदराबादेत मराठी बोलणारी माणसं एकमेकांना लगेच 'आपली' म्हणून टाकतात. आमचे मालक शंकरराव तर या बाबतीत फारच उदार. कारखान्यात कुणी पाहुणा आला की टेस्टिंगच्या शेडकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमची रेणुका. आपलीच आहे, देगलूरकडची." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. ज्या दिवशी त्याची गरज पडली त्या दिवशी ते त्यांना आठवलं नाही, आणि त्याबद्दल माझ्या मनात जी कडवट चव आहे ती जाईल असं मला वाटत नाही. जावी अशी इच्छाही नाही.

मी त्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमची मोठी पत्र्याची शेड. तेलविहिरी खोदणाऱ्या कंपन्यांचे ब्लो-आउट प्रिव्हेंटर आमच्याकडे दुरुस्तीला येत. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे त्याला बीओपी म्हणत. दिसायला तो ओबडधोबड पोलादी ठोकळा, मधोमध आरपार भोक. विहिरीच्या तोंडावर तो बसवतात आणि त्याच्या भोकातून खोदाईचा पाइप खाली जातो. विहिरीत जड चिखल भरलेला असतो, त्याच्या वजनाने खालचा वायू दबून राहतो. पण कधी ते वजन कमी पडतं आणि वायू उसळी मारून वर येतो. तेव्हा वर उभ्या असलेल्या माणसांच्या आणि आगीच्या मध्ये हा एकच ठोकळा असतो.

त्याच्या पोटात दोन बाजूंना दोन पोलादी जबडे असतात, त्यांना रॅम म्हणतात. एका बाजूला तेलाच्या दाबाचा दट्ट्या, तसाच दुसऱ्या बाजूला. बटण दाबलं की दुकानाच्या सरकत्या दारासारखे दोन्ही रॅम मध्ये येऊन भिडतात. काही रॅमना पाइपाच्या मापाची अर्धगोल खाच असते, ते पाइपाला मिठी मारतात. काही सपाट असतात, ते रिकामं भोक बंद करतात. काहींना पाती असतात, ते पाइपच कापून टाकतात. पण पोलाद पोलादाला कितीही घट्ट भिडलं तरी वायू अडत नाही. वायू अडवतं ते रबर. रॅमच्या तोंडावर रबर असतं आणि पाठीवर, म्हणजे वरच्या अंगाला, एक रबरी पट्टी असते.

आता यातली गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच गमतीवर उभं आहे. विहिरीचा दाब खालून येतो. तो मिटलेल्या रॅमच्या मागे शिरतो, त्याला पुढे रेटतो आणि वर उचलून छताशी दाबतो. म्हणजे विहीर जितकी जोर करील तितकी पाठीवरची पट्टी छताला घट्ट चिकटते. शत्रूच्याच जोरावर दार बंद राहतं. पण रॅम उलटा बसला, पट्टी खाली गेली, तर तो मिटेल छान, आणि दाब मात्र त्याच्या डोक्यावरून निघून जाईल. नव्या बनावटीत रॅम उलटा जातच नाही म्हणे. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या बनावटीत तो निमूटपणे जायचा.

हे मला शिकवलं रेणुकानं. रेणुका धुतराज, घराणं मूळचं देगलूरकडचं, पण ती काचीगुड्याची. वडील रेल्वेत गँगमन होते, स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. जामबागेतल्या मराठी शाळेत शिकली, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. तिच्या वर्गातल्या मुली बँकेत नाही तर आयटीत गेल्या. ही पाण्याचा पंप आणि प्रेशर गेज घेऊन लोखंडाच्या धंद्यात आली. दुरुस्त झालेला प्रत्येक बीओपी तिच्या शेडमध्ये यायचा. ती त्याला खालून पाणी भरायची, दाब चढवायची आणि काट्याकडे बघत उभी राहायची. काटा हलला नाही की प्रत्येक नटावरून बॉनेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. बॉनेट म्हणजे रॅम आतबाहेर करण्याचं बाजूचं झाकण. नट थोडा जरी फिरला तरी रेघ मोडते. "माझी रेघ मोडली तर माझा पास मोडला," असं ती म्हणायची, आणि कारखान्यात तिच्या या रेघेची थट्टाही व्हायची. ती हसायची नाही. थट्टा करायला मला आवडायचं, पण तिच्यापुढे जपून.

ती काही गोड स्वभावाची नव्हती, हेही सांगून टाकतो. नाक सारखं वर. चहा स्वतःचा थर्मासमधून प्यायची. का, ते मी एकदा विचारलं. सुरुवातीच्या दिवसांत तिचा कप वेगळा ठेवला जायचा, ते तिनं पाहिलं होतं. कोणी ठेवला हे तिनं सांगितलं नाही आणि मीही पुढे विचारलं नाही.

आमच्याकडे दसऱ्याला मोठी आयुधपूजा व्हायची. त्यात एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं मला वाटत नाही. जुने फोरमन मल्लेशम यांनी ती सुरू केली. त्यांचं म्हणणं, बाहेरचा ठोकळा म्हणजे देऊळ आणि आतला रॅम म्हणजे देव, मग देवळाला कुंकू लावून देवाला उपाशी कसं ठेवायचं. म्हणून दसऱ्याला एका बीओपीचं एका बाजूचं बॉनेट उघडायचं, रॅम बाहेर काढून पाटावर ठेवायचा, हळदकुंकू लावायचं आणि परत आत बसवायचा. मल्लेशम सगळ्यांना बजावायचे, "रबरकू कुंकू नक्को लगाओ. पेटकू लगाओ." कुंकवाचे कण रबरावर राहिले तर तिथून गळती होते, म्हणून टिळा रॅमच्या पोटाला, खालच्या सपाट पोलादावर. पूजा झाली की ते टिळा खाली करूनच रॅम आत ढकलायचे आणि वर म्हणायचे, देव पालथा झोपला. त्यानंतर बीओपी रेणुकाच्या शेडमध्ये जायचा. आधी पूजा, मग टेस्ट. त्यामुळे रीतही चालायची आणि कामही.

रेणुका त्या दिवशी कधीच नसायची. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ती मुलाला घेऊन वस्तीतल्या विहारात जायची. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, असं आम्ही सगळे समजत होतो.

मल्लेशम निवृत्त होऊन गावी गेले आणि फोरमन झाला बबलू, शंकररावांचा भाचा. वय तिशीचं, हातात महागडा फोन. वाईट मुलगा नव्हता, हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे जे झालं ते वाचून तसं वाटेल. त्या वर्षी गोदावरीच्या मुखाकडच्या एका विहिरीचा बीओपी आमच्याकडे होता आणि तो दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी जायचा होता. म्हणून रेणुकानं त्याची टेस्ट आधीच उरकली, पांढऱ्या रेघा ओढल्या आणि ती सुटीवर गेली. शेडमध्ये दुसरा तयार बीओपी नव्हता. पूजेला तोच घेतला.

मी तिथे होतो. जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाटली गेली, आरती झाली. बबलूनं मल्लेशमचं सांगणं नीट ध्यानात ठेवलं होतं. रबराला बोट लावलं नाही, रॅम उलटा करून पोटाला टिळा लावला, फुलं वाहिली, नमस्कार केला. मग आम्ही सगळे प्रसादाकडे वळलो आणि त्यानं रॅम आत घातला. तेव्हा काय झालं ते नंतर कळलं. टिळा लावलेला देव पालथा कसा घालायचा, असं त्याच्या मनात आलं. टिळा वर हवा. म्हणून त्यानं टिळा वर ठेवून रॅम आत सारला. दोन गोष्टी जपल्या, आणि दोन्ही जपल्यामुळेच चुकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका आली तेव्हा बीओपी ट्रेलरवर चढला होता. हार घातलेला, चाकांखाली लिंबं, समोर नारळ आणि कोहळा फुटलेला. ती सवयीनं भोवती फिरली. एका बॉनेटवर झेंडूचा हार लोंबत होता. तिनं हात घालून तो जरा बाजूला केला आणि थांबली.

"रेघ मोडलीये," ती म्हणाली. "कोणी उघडलं?"

मी म्हटलं, "अगं, कालची पूजा. दरसालसारखी."

"दरसाल पूजा आधी असते, काका. टेस्ट मागून." ती बबलूकडे वळली. "उतरवून घे. स्टँडवर बसव. परत दाब देऊन बघते."

बबलू म्हणाला, "मॅडम, नारियल फुटलंय. मुहूर्त झालाय. आता उतरवला तर अपशकुन होतो. मी स्वतः टाइट केलंय, परेशान नका होऊ."

"टाइट केलंस ते दिसतंय. आत काय केलंस ते दिसत नाही."

तेवढ्यात शंकरराव आले. तिनं त्यांनाही तेच सांगितलं, शांतपणे. उघडूही नका, फक्त स्टँडवर घ्या, खालून पाणी भरू, अर्ध्या दिवसाचं काम. शंकररावांची नजर तिच्या हातावर होती. हार अजून तिच्या हातात होता आणि दोनचार झेंडू तुटून खाली पडले होते.

"रेणुका," ते म्हणाले, "तुम्ही लोक मानत नाही, ठीक आहे. आम्ही कधी जबरदस्ती केली का? पण दुसऱ्याच्या पूजेला हात लावायचा नाही."

"साहेब, मी पूजेबद्दल बोलतच नाहीये. दाबाबद्दल बोलतेय."

"तेच ते," शंकरराव म्हणाले.

ते तेच नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं. पण 'तुम्ही लोक' हे दोन शब्द एकदा उच्चारले गेल्यावर मागे उभी असलेली मंडळी हळूच मालकाच्या बाजूला सरकली. मी म्हणालो, "साहेब, ती म्हणते ते बरोबर आहे, बॉनेट उघडलं होतं." शंकरराव म्हणाले, "लक्ष्मणराव, तुम्ही तुमचं स्टोअर बघा." रेणुकानं अजून एकदाच विचारलं, "मग या मालावरचं माझं नाव काढता का?" त्यावर ते हसले आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली. गाडी गेली. गेटपाशी पडलेले झेंडू बराच वेळ तसेच होते.

दुपारी ती माझ्या स्टोअरमध्ये आली. विहिरीवरच्या माणसाचा नंबर हवा होता. तो माझ्याकडे असायचा, सुट्या भागांसाठी त्यांचे फोन यायचे. मी दिला. तिनं माझ्यासमोरच फोन लावला आणि सांगितलं की बीओपी बसवल्यावर सपाट रॅमची टेस्ट कसून घ्या, खालून पूर्ण दाब द्या, घाई करून नुसतं मिटवून बघू नका. तिकडचा माणूस आभार मानत होता, ते मला ऐकू येत होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "आता मला झोप येईल." तिला काय धोका आहे हे मला त्या क्षणी कळलं नाही. तिलाही नाही. तिला तेलविहिरीतला धोका कळायचा, कारखान्यातला नाही.

तिकडे त्यांनी कसून टेस्ट घेतली. रॅम झकास मिटले आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून वाहत राहिलं. पुन्हा मिटवले, पुन्हा तेच. बीओपी त्यांनी वापरला नाही. कोणाचा केसही वाकडा झाला नाही. त्यांनी तो परत पाठवला आणि सोबत शंकररावांना भरपूर ऐकवलं.

तो आला त्या दिवशी शंकररावांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. बबलूनं बॉनेट उघडलं. रॅम बाहेर आला आणि शेडमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलं. वरच्या अंगाला वाळलेला टिळा, त्याला चिकटलेली झेंडूची एक पाकळी. रबरी पट्टी खाली. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो? रेणुकानं टेस्ट केली तेव्हा पूजा झाली नव्हती. टिळा तिच्यानंतरचा, उघडलं तेही तिच्यानंतर. मला वाटलं, चला, सुटली पोरगी.

शंकरराव पुढे झाले. आधी त्यांनी रॅमला हात लावून कपाळाला लावला. मग बाजूच्या डब्यातला पुसायच्या सुती धाग्यांचा बोळा घेतला, त्यावर थोडं डिझेल ओतलं आणि टिळा पुसून काढला. नीट पुसला, कडेकडेनं. पाकळी चिमटीत धरून खिशात टाकली. सगळे बघत होते. पुसून झाल्यावर ते म्हणाले, "पास कोणी दिला होता?"

"मी," रेणुका म्हणाली. "पूजेच्या आधी."

"आणि तिकडे फोन कोणी केला?"

"मीच."

"म्हणजे माल फेल जाणार हे तुला आधीच ठाऊक होतं." ते अगदी सावकाश बोलत होते. "आत न बघता कसं ठाऊक? सपाट रॅमच बघा, खालूनच दाब द्या, इतकं नेमकं कसं ठाऊक?"

तिनं उघड्या बॉनेटकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "साहेब, बॉनेट सपाट रॅमचं उघडलं होतं. रेघ तिथली मोडली होती. आणि दाब खालूनच देतात. विहीर खाली असते."

कुणीतरी मागून खुसखुसलं. तेवढंच तिच्या वाट्याला आलं. मी म्हणालो, "शंकरराव, टिळा होता. आत्ता तुम्ही पुसलात." ते माझ्याकडे वळून सौम्यपणे म्हणाले, "लक्ष्मणराव, तुमचं वय झालं. गंज होता तो." मी शेडभर नजर फिरवली. वेल्डर छताकडे बघत होता, क्रेनवाला क्रेनकडे. ज्यांनी माझ्याबरोबर आरती म्हटली, प्रसाद खाल्ला, ते सगळे. बबलू बोळा पडलेल्या डब्याकडे टक लावून बघत होता. तो बोलेल असं मला एक क्षण वाटलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मग मामा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि ते ओठांवरच राहिलं.

संध्याकाळपर्यंत कारखान्यात गोष्ट तयार झाली. बाईला पूजा खटकत होती, बाईनं मुद्दाम रॅम उलटा घातला, मग मोठेपणा मिळवायला फोन केला. मी एकदोघांना विचारलं, मग रेघ का मोडली? ते म्हणाले, "क्या मालूम काका, बडे लोगां का मामला." दुसऱ्या दिवशी रेणुकाला कामावर येऊ नको असं सांगण्यात आलं. तिनं गेज कपाटात ठेवलं, पांढऱ्या रंगाचा डबा मात्र घेतला, तो तिच्या पैशाचा होता. गेटपर्यंत मी गेलो. ती रडली नाही. म्हणाली, "काका, त्यांनी डिझेलनं पुसलं. डिझेल रबराला लागलं असणार. ती पट्टी बदलायला सांगा." मला इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडलो. हे सगळं सोडून पट्टीचं काय घेऊन बसलीस, म्हटलं. तिला माझं ओरडणं समजलंच नाही.

या धंद्यातले कारखाने इथे मोजके, आणि सगळे मालक एकमेकांच्या लग्नाकार्यात जेवणारे. बाहेर फोन करणारी बाई कोण ठेवणार. काही महिने ती घरीच होती. आता आबिड्सला एका छोट्या ऑफिसात आग विझवण्याच्या नळकांड्या तपासते. तिथेही पाणी, दाब आणि काटाच आहे, पण खेळण्यातला वाटावा असा. मी पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झालो. शंकररावांनी शाल दिली आणि भाषणात मला 'आपला माणूस' म्हटलं. शाल मी घरी आल्याआल्या खालच्या वॉचमनला देऊन टाकली.

गेल्या दसऱ्याला जुनी मंडळी भेटतील म्हणून कारखान्यात गेलो. शेडच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत एक नियम रंगवलेला होता, की पूजेनंतर पुन्हा दाब देऊन तपासल्याशिवाय कोणताही माल गेटबाहेर जाणार नाही. खाली शंकररावांचं नाव. पूजा अजूनही रॅमचीच होते. बबलू आता टिळा खाली करून तो आत घालतो, आणि माझ्याशी बोलताना बूट बघतो. तेलकंपनीचे कुणी साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी नियमाचं कौतुक केलं. शंकरराव त्यांना म्हणाले, "यह रूल मेरा है. एक औरत की गलती से सीखा."

मी प्रसाद न घेता निघालो. दुसऱ्या दिवशी आबिड्सला गेलो. रेणुका नळकांडीवर पांढरी रेघ ओढत होती, त्याच डब्यातला रंग असावा. मी तिला भिंतीवरच्या नियमाचं सांगितलं. तिनं ब्रश खाली ठेवला. तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आलोय, पण तो असा उजळलेला मला आठवत नाही.

"खरंच? मोठ्या अक्षरांत?" तिनं विचारलं. "दाब खालून देतात ना?"

"खालून," मी म्हणालो.

"मग झालं, काका."

तिनं माझ्यासाठी थर्मासमधला चहा ओतला, तिच्याच कपात. शंकररावांचं ते दुसरं वाक्य मी तिला सांगितलं नाही. ते घेऊन मी घरी आलो.